प्राण्यांचे केस का उजळतात? : एका प्रश्नाची दोन उत्तरे

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



चिटणीससाहेबांनी मला आज्ञा केली की, विज्ञानावर दहा-पंधरा मिनिटे बोला, परंतु मुलांना झोप येणार नाही असे बोला. यातला दुसरा भाग कठीण आहे. शिवाय आपणांस ठाऊकच आहे की मी बी.ए., बी.एड. माणूस. इतिहास आणि मराठी हे माझे विषय. विज्ञानाचे शिक्षक गेल्यानंतर आठवी-नववीचे विज्ञान माझ्याकडे आले आणि ते अजून माझ्याकडेच आहे. तेव्हा आज मी जे सांगणार आहे ते एका जाणकाराचे व्याख्यान नव्हे. वर्गात माझी जी फजिती झाली आणि तिच्यामुळे मला जे वाचावे लागले, त्याचा हा वृत्तान्त आहे.

नववीतल्या एका मुलीच्या वडिलांचे किराणा दुकान आहे. ते या क्षणी समोरच बसले आहेत, म्हणून नाव घेत नाही. खोट्या नोटा ओळखण्यासाठी त्यांनी एक छोटी बॅटरी घेतली होती. तिच्यातून जांभळट उजेड पडतो. त्या उजेडात खऱ्या नोटेवरील क्रमांक चमकतो आणि कागदात विखुरलेले बारीक धागे रंगीत दिसतात. ती बॅटरी मुलीने शाळेत आणली. सामानाच्या अंधाऱ्या खोलीत मुलांनी ती खडूवर, वहीवर, एकमेकांच्या दातांवर मारून पाहिली. शेवटी तेथे झोपलेल्या मांजरीच्या पाठीवर मारली. ही मांजर पांढरी, अंगावर काळे ठिपके. तिचे पांढरे केस निळसर उजळले. काळे ठिपके मात्र काळेच राहिले. वर्गभर गलका झाला आणि त्या मुलीने विचारले, "सर, मांजरीचे केस का चमकतात?"

मी क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, "रात्री मांजरांना एकमेकांची ओळख पटावी म्हणून." उत्तर कसे छान, गोल वाटले! मी ते फळ्यावर लिहिले, मुलांनी वहीत उतरवले. दुसऱ्या दिवशी ती मुलगी उठून म्हणाली, "सर, घरी दादीवर बॅटरी मारून पाहिली. दादीचे केसही चमकतात. ते कोणाला ओळख पटावी म्हणून?"

वर्ग हसला. मी रागावलो. इतकेच नव्हे, तर पुढच्या घटक चाचणीत हा प्रश्न मी मुद्दाम घातला. त्या मुलीने लिहिले, "मला ठाऊक नाही, पण सरांचे उत्तर बरोबर वाटत नाही." मी तांबड्या शाईने काट मारली आणि दोन गुण कापले. शिक्षक माणसाला हा अधिकार असतो आणि तो वापरायला वेळही लागत नाही. पण घरी गेल्यावर दादीच्या केसांचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. मग मी वाचायला बसलो.

प्रथम तो जांभळट उजेड म्हणजे काय ते पाहू. इंद्रधनुष्यात तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंग दिसतात. जांभळ्याच्या पलीकडे काही आहे हे १८०१ साली जर्मनीत योहान रिटर यांनी दाखवले. चांदीचा एक क्षार प्रकाशात काळा पडतो. रिटर यांनी तो रंगपटातील निरनिराळ्या जागी ठेवला, तेव्हा जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते त्या जांभळ्यापलीकडच्या जागी तो सर्वांत लवकर काळा पडला. हेच अतिनील किरण. जुन्या पुस्तकांत यांना जंबुपार किरण म्हटलेले आढळेल. आपल्या डोळ्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या लहरी दिसतात. अतिनील लहरी ४०० पेक्षा आखूड. लहर जितकी आखूड तितकी तिची शक्ती अधिक.

आता पुढचा भाग. १८५२ साली केंब्रिजचे जॉर्ज स्टोक्स यांनी कोयनेलचे, म्हणजे हिवतापावरील त्या कडू औषधाचे, पाणी अतिनील किरणांत धरले. पाणी निळे उजळले. न दिसणारा प्रकाश आत गेला आणि दिसणारा बाहेर आला! स्टोक्स यांनी नियम सांगितला की, बाहेर पडणारी लहर आत गेलेल्या लहरीपेक्षा लांब, म्हणजे कमी शक्तीची असते. या घटनेला त्यांनी फ्लुओरस्पार नावाच्या खनिजावरून फ्लुओरेसन्स हे नाव दिले. मराठीत आपण प्रतिदीप्ती म्हणू.

दुकानदार पालकांना हे चटकन समजेल. अतिनील किरण म्हणजे दहा रुपयांची नोट समजा. पदार्थातला एखादा रेणू ती घेतो आणि मोड देतो, परंतु मधले काही पैसे आपल्याकडे ठेवतो. ते उष्णतेच्या रूपाने खर्च होतात. हिशेबही करता येतो. ३६५ नॅनोमीटरचा किरण आत गेला आणि ४५० नॅनोमीटरचा निळा बाहेर पडला, तर दहातले सुमारे आठ रुपये परत आले. ६३० चा तांबडा बाहेर पडला तर सहाच्या आत-बाहेर. हा सगळा व्यवहार सेकंदाच्या काही अब्जांश भागात उरकतो. म्हणून बॅटरी बंद केली की चमकही त्याच क्षणी बंद. काजव्याची गोष्ट निराळी. काजवा आपला प्रकाश स्वतः तयार करतो. मांजर काहीच तयार करीत नाही, ती फक्त मोड देते.

हे काही परदेशातले नवल नव्हे. ज्या ट्यूबलाइटखाली आपण आयुष्यभर अभ्यास केला तिच्या नळीत पाऱ्याची वाफ अतिनील किरण सोडते आणि काचेला आतून लावलेली पांढरी भुकटी त्यांची मोड करून पांढरा उजेड देते. ईदच्या पांढऱ्या कुर्त्याला पूर्वी टिनोपाल लावीत. आता कपडे धुण्याच्या बऱ्याच पावडरींत तसला पदार्थ आधीच घातलेला असतो. तो उन्हातील अतिनील किरण घेऊन निळसर प्रकाश देतो, म्हणून कुर्ता पांढऱ्याहून पांढरा दिसतो. साध्या निळीचे काम वेगळे, ती नुसता निळा रंग चढवते. कोकणात दगडाखालचा विंचूही या बॅटरीत हिरवट-निळा लखलखतो. अंधारात विंचू शोधायची याहून सोपी युक्ती नाही.

तर मग केस. आपले केस, नखे, गाई-म्हशींची शिंगे, मेंढीची लोकर हे सारे केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले आहे. या प्रथिनात ट्रिप्टोफॅन नावाचा एक घटक असतो. तो आणि त्याच्यापासून शरीरात तयार होणारी काही द्रव्ये अतिनील किरण घेतात व निळसर प्रकाश देतात. प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या केसांत यांपैकी किन्युरेनिन हे द्रव्य चमकेचे कारण असल्याचे १९५० नंतरच्या दशकातच दाखवले गेले होते. म्हणजे मूळचा केस हा उजळणाराच पदार्थ आहे. मग काळे केस का उजळत नाहीत? कारण त्यांत मेलॅनिन हे रंगद्रव्य भरलेले असते. मेलॅनिन नोट घेते आणि मोड देतच नाही. सगळे पैसे उष्णतेत जमा!

दादीच्या केसांचे कोडे येथे सुटते. वय झाल्यावर केसांत मेलॅनिन भरणे थांबते आणि जे पूर्वीपासून होतेच ते उघडे पडते. मांजरीचे पांढरे केस आणि दादीचे पांढरे केस एकाच कारणाने चमकतात. त्यात कोणाला ओळख पटवण्याचा संबंध नाही.

हे किती प्राण्यांत घडते? माणसाच्या लक्षात ही गोष्ट शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आली होती, परंतु तिच्याकडे फारसे कोणी वळले नाही. अलीकडचा गाजावाजा एका गमतीदार योगायोगाने सुरू झाला. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात नॉर्थलँड कॉलेजात त्या वेळी वनशास्त्र शिकवणारे जोनाथन मार्टिन हे रात्री आपल्या परसात अतिनील बॅटरी घेऊन झाडावरचे दगडफूल पाहत होते. पाखरांच्या दाण्यांवर एक उडती खार आली. बॅटरी तिच्यावर पडली तर खार चक्क गुलाबी! मग त्यांनी व सहकाऱ्यांनी संग्रहालयांतील जुनी कातडी काढून तपासली आणि २०१९ साली निबंध प्रसिद्ध केला. पुढच्या वर्षी त्याच मंडळींनी शिकागोच्या फील्ड म्युझियममधील प्लॅटिपस तपासला. प्लॅटिपस म्हणजे अंडी घालणारा, बदकासारख्या चोचीचा ऑस्ट्रेलियातील सस्तन प्राणी. त्याची तपकिरी लोकर हिरवट-निळी उजळली. २०२१ साली आफ्रिकेतल्या, कांगारूसारख्या उड्या मारणाऱ्या स्प्रिंगहेअर या निशाचर प्राण्याची पाळी आली. तो नारिंगी-तांबडा.

हा तांबडा-गुलाबी रंग केराटिनचा नव्हे. स्प्रिंगहेअरच्या केसांत पॉर्फिरीन नावाची द्रव्ये सापडली. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन तयार होताना ज्या जातीची द्रव्ये बनतात त्यांचीच ही भावंडे. ती उजेडात टिकत नाहीत. घुबडाच्या पंखाखालच्या पिसांत पॉर्फिरीन असते. नवे पीस बॅटरीत गडद गुलाबी दिसते आणि जुने फिके, त्यावरून पक्षी अभ्यासणारे घुबडाचे वय ठरवतात.

आता कोणी शंका काढील की संग्रहालयातील कातडी टिकावी म्हणून त्यांना सोमल, टाकणखार चोळतात, चमक त्याचीच नसेल कशावरून? शंका रास्त आहे. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील वेस्टर्न ऑस्ट्रेलियन म्युझियमचे केनी त्राव्हियों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मनावर घेतली. त्यांनी १२५ जातींचे सस्तन प्राणी तपासले आणि २०२३ साली निष्कर्ष छापले. काही नमुने औषध लावण्यापूर्वी, ताजे गोठवलेले असतानाच पाहिले. औषधाने चमक कमी-जास्त होते, पण औषध न लावताही ती असते. आणि १२५ पैकी १२५ जातींत कोठे ना कोठे चमक आढळली. झेब्र्याचे पांढरे पट्टे उजळतात, काळे नाहीत. ध्रुवावरचे पांढरे अस्वल उजळते. डॉल्फिनला केसच नाहीत, तर त्याचे दात उजळले. साधी घरगुती मांजरही त्या यादीत आहे. आमच्या शाळेच्या मांजरीचा मान त्यामुळे वाढला.

येथवर "का" या प्रश्नाचे एक उत्तर झाले. परंतु मुलांनो, आपल्या मराठीत "का" या एका अक्षरात दोन प्रश्न लपलेले आहेत. एक "कशामुळे" आणि दुसरा "कशासाठी". त्या मुलीने "का" विचारले, मला ठाऊक असायला हवे होते "कशामुळे", आणि मी उत्तर दिले "कशासाठी" याचे, तेही मनाने रचून. इतिहासाच्या तासाला मी हे कधी केले नसते. तेथे पुरावा काय, असे मीच विचारतो.

म्हणून "कशासाठी" याचा पुरावा कसा असतो तेही पाहू. एखादी चमक खरोखर कोणाला दिसावी म्हणून आहे असे म्हणायचे, तर निदान चार गोष्टी जुळाव्या लागतात. त्या प्राण्याच्या वावरण्याच्या जागी आणि वेळी अतिनील किरण पुरेसे हवेत. बॅटरीत आपण ते भरभरून देतो, रात्री चांदण्यात ते अगदी थोडे असतात. निघालेली चमक अंगावरून परत फिरणाऱ्या साध्या प्रकाशात बुडून जाता कामा नये. पाहणाऱ्याच्या डोळ्याला तो रंग दिसायला हवा. आणि ती पाहून त्याने काहीतरी वेगळे वागायला हवे. ही शेवटची अट सर्वांत अवघड.

पक्ष्यांत असा एक प्रयोग झाला आहे. ऑस्ट्रेलियन बजरीगर, ज्यांना आपल्याकडे लव्हबर्ड म्हणून विकतात, त्यांच्या डोक्यावरची पिवळी पिसे चमकतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काही पक्ष्यांच्या त्या पिसांना उन्हाचे मलम लावून चमक बंद केली, तेव्हा जोडीदारांची त्यांच्यावरची पसंती कमी झाली. त्याच्या आदल्या वर्षी दुसऱ्या अभ्यासकांना मात्र चमकेमुळे फरक पडल्याचे आढळले नव्हते. म्हणजे जेथे प्रयोग झाला तेथेही वाद आहेच. सस्तन प्राण्यांच्या बाबतीत तर इतकीही भक्कम साक्ष पुढे आलेली नाही.

उलट साक्षीदार दोन आहेत आणि मला ते फार आवडतात. पहिला प्लॅटिपस. तो पाण्यात शिरला की डोळे, कान, नाकपुड्या सर्व मिटून घेतो आणि भक्ष्याच्या स्नायूंतून निघणारे विजेचे सूक्ष्म प्रवाह चोचीने टिपतो. पोहताना डोळेच मिटणाऱ्याला पाण्यात कोणाची चमक दिसणार? दुसरा ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातील पिशवीधारी चिचुंदरीसारखा प्राणी, मार्सुपियल मोल. आंधळा आणि जन्मभर वाळूखाली राहणारा. त्याची फिकट पिवळी लोकर पर्थच्या तपासणीत अंगभर उजळली. जो कोणाला दिसत नाही आणि ज्याला कोणी दिसत नाही, तोही चमकतो!

तरी दुसरी बाजू झाकून ठेवणे बरे नव्हे. त्याच तपासणीत रात्री वावरणाऱ्या प्राण्यांत चमक अधिक आढळली. शिवाय मांजर, कुत्रा अशा बऱ्याच प्राण्यांच्या डोळ्याचे भिंग काही अतिनील किरण आत जाऊ देते, हे २०१४ साली दाखवले गेले. आपले भिंग ते अडवते. त्यामुळे रात्रीच्या मंद उजेडात फिकट केस किंचित अधिक उजळ दिसत असतील, ही शक्यता उरतेच. पण शक्यता आणि पुरावा यांच्यामध्ये एक प्रयोग उभा असतो.

माझ्यासारखे घसरणारे मोठमोठे लोकही आहेत, याचे मला थोडे समाधान वाटते. १९७४ साली असे छापून आले की पांढऱ्या अस्वलाचा अतिनील किरणांत फोटो काढला तर ते बर्फावर काळे दिसते, कारण त्याचे केस ते किरण परतवत नाहीत. हे खरे आहे. मग कोणीतरी पुढची गोष्ट जोडली की, अस्वलाचे पोकळ केस ते किरण नळीसारखे कातडीपर्यंत पोहोचवतात आणि अस्वल त्यावर ऊब घेते. ही गोष्ट इतकी सुंदर होती की ती पुस्तकांपुस्तकांतून फिरली. १९९८ साली अमेरिकेतील डॅनियल कून या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी एकेक केस घेऊन मोजमाप केले. किरण केसात थोडेसे अंतर जाताच नाहीसे होत होते. ते कोठे जात होते? केराटिनच खाऊन टाकत होते. तेच केराटिन, जे आपल्या मांजरीत आहे.

पालकांना एक उपयोगाची गोष्ट सांगतो. मुलाच्या डोक्यात नायट्याची चाई पडली तर डॉक्टर कधी कधी अशाच एका दिव्याखाली केस पाहतात. रॉबर्ट वुड या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या गाळणीमुळे तो वुडचा दिवा म्हणून ओळखला जातो आणि १९२५ पासून या कामी वापरात आहे. मांजरापासून लागणाऱ्या एका बुरशीने धरलेला केस त्यात हिरवा दिसतो. मात्र नायट्याच्या सगळ्याच बुरशी चमकत नाहीत, आणि कपड्याचा तंतू किंवा लावलेले मलमही चमकू शकते. म्हणून घरच्या बॅटरीने परीक्षा करून घरीच औषध लावत बसू नये.

ती बॅटरी माणसाच्या किंवा जनावराच्या डोळ्यांत कधीही मारायची नाही. अतिनील किरण डोळ्यांना अपाय करतात आणि ते दिसत नसल्याने डोळा वेळीच मिटतही नाही. आमच्या वर्गात मुलांनी दातांवर बॅटरी मारली तेव्हा मी तेथेच उभा होतो आणि मला हे ठाऊक नव्हते. ज्या मुलांना घरी काही करून पाहायचे आहे त्यांनी चिमूटभर हळद स्पिरिटमध्ये ढवळून बॅटरी धरावी, पिवळट-हिरवी चमक दिसेल. पालकाची पाने स्पिरिटात कुटून गाळली तर पाणी हिरवे दिसते, पण बॅटरीत तांबडे उजळते. स्पिरिट पेट घेते, म्हणून चूल आणि गॅसपासून दूर, आणि मोठे माणूस जवळ असतानाच.

त्या मुलीचे दोन गुण मी परत दिले आहेत. फळ्यावर माझे जुने उत्तर पुन्हा लिहिले, त्यावर वर्गासमक्ष तांबड्या खडूने काट मारली आणि खाली "कशामुळे" एवढेच लिहिले. "कशासाठी" समोरची जागा कोरी ठेवली. चाचणीत आता कोणी ती जागा कोरी सोडली आणि कोरी का सोडली ते लिहिले, तर पूर्ण गुण मिळतात. एका पालकांनी येऊन तक्रार केली की, सर, ठाऊक नाही म्हणण्याला कसले गुण? मी त्यांना प्लॅटिपसची गोष्ट सांगितली. त्यांचे पूर्ण समाधान झाले असे वाटले नाही. ते पुन्हा येणार आहेत.

कार्यक्रम संपल्यावर जिन्याजवळची सामानाची खोली अंधारी करून ठेवली आहे. हळद आणि पालकाच्या बाटल्या तेथे मांडल्या आहेत. मांजर येईलच याची हमी नाही. पांढऱ्या केसांच्या आजी-आजोबांना विशेष निमंत्रण आहे, त्यांनी पाठमोरे बसायचे. बॅटरी त्याच मुलीच्या हातात असेल. काय विचारायचे ते तिला विचारावे.